एका हाताचा रंग

वहिनींनी डब्याच्या झाकणाखाली चमचा सारला, अंगातला सगळा जोर त्यावर टाकला, आणि झाकण हलायच्या आधी चमचाच वाकला.

"तो जेवायचा चमचा आहे," आत्या दारातून म्हणाली.

"होता," वहिनी म्हणाल्या आणि वाकड्या चमच्यानेच पुन्हा नेट लावला. या खेपेला झाकण सुटलं. आतला रंग पांढरा होता, सायीसारखा दाट. ढवळायला काठी घातली तर ती उभीच राहिली.

आत्याने नाक मुरडलं. वासाचा प्रश्न नव्हता, त्या वासातच तिचा जन्म गेला होता. चौकातलं रंगाचं दुकान ती आणि तिचा भाऊ मिळून चालवायचे. भाऊ गल्ल्यावर बसायचा आणि रंग मिसळायचं काम हिचं. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा नाहीतर फुटक्या बशीची खापरी घेऊन यायचं आणि ही नुसत्या नजरेने तसाच्या तसा रंग काढून द्यायची. लग्न करायचं राहूनच गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, दुकान उघडं टाकून कुठे जाऊ? पुढे भाऊ गेला, दुकान विकलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. घरात दोघीच उरल्या, ती आणि भावाची बायको. भाचा आत्या म्हणायचा म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणत होती. वहिनी मात्र पहिल्या दिवसापासून वन्सं म्हणत आल्या होत्या, भांडतानासुद्धा.

तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि डबा फिरवून वाचला. 'एकाच हातात काम फत्ते! अस्तर नको, घासणे नको.'

"हे कुठून पैदा केलंत?"

"दुकानातून."

"कुठल्या?"

"मिळतं त्या. वन्सं, दारं रंगवायची आहेत, रंगाशी सोयरीक नाही करायची."

"लाकडाला तीन हात द्यावे लागतात," आत्या म्हणाली. "आधी अस्तर, मग मधला, मग शेवटचा. प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा, पुसायचा. जन्मभर मी हेच सांगत आले लोकांना. आणि आता माझ्याच घरात एका हाताचा रंग?"

"तीन हातांना वेळ कुणाला आहे? रविवारी तो गाडी घेऊन येतोय."

आत्याने डबा खाली ठेवला.

तो म्हणजे तिचा भाचा, वहिनींचा मुलगा. दूरच्या शहरात त्याचं घर होतं, लिफ्ट असलेलं, आणि वहिनींच्या गुडघ्यांनी गेल्या वर्षापासून जिन्याशी उभा दावा मांडला होता. आईने आता आपल्याकडेच राहायला यावं, असं त्याचं म्हणणं. मुलगा गुणी होता. "आत्या, तूही चल ना," असंही म्हणाला होता. पण म्हणताना त्याच्या बायकोने हळूच त्याच्याकडे पाहिलं, ते आत्याने पाहिलं होतं. त्या घरात एकच खोली रिकामी होती.

त्याने पहिल्यांदा विषय काढला तेव्हा वहिनी काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त आत्याकडे वळून पाहिलं होतं. आणि आत्याने, आपलं मन कोतं दिसू नये म्हणून, भाच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणून टाकलं होतं, "जा की. मुलाने बोलावल्यावर जायचं नाही तर काय!" त्यानंतर जाण्याबद्दल दोघींत चकार शब्द झाला नव्हता. काय न्यायचं, काय ठेवायचं, यावर मात्र दिवसभर वाद चालायचे.

"आणि दारं आत्ताच रंगवायला हवी आहेत का?" आत्याने विचारलं.

"हवी आहेत. मी गेल्यावर तुम्ही एकट्या शिडीवर चढाल. ओळखते ना मी तुम्हाला. खाली पडून राहिलात तर कुणाला कळायचंही नाही. त्यापेक्षा मी आहे तोवर उरकून टाकू."

मग स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात झाली. वहिनींनी जुनी चादर जमिनीवर पसरली, दार होतं तिथेच उभं ठेवलं, आणि ब्रश रंगात बुडवून सरळ लावायलाच घेतलं. घासणं नाही, पुसणं नाही. आत्या समोर खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसली. वरून खाली ओढा. ब्रश निथळा आधी. कोपऱ्यात साचतोय बघा. वहिनींनी तिचं एक ऐकलं नाही. बिजागऱ्याही रंगवल्या, कडीही रंगवली, आणि आत्याचे दात शिवशिवले.

दुपारी जेवणं झाल्यावर ती चष्मा पुसून त्या दाराकडे गेली. तिला खात्री होती, जुना तपकिरी रंग खालून डोकावत असणार. नव्हता. दिवा लावून पाहिलं, मग टॉर्च आडवा धरून पाहिलं. नक्षीच्या खाचा थोड्या बुजल्या होत्या, कडेला ब्रशच्या रेघा उमटल्या होत्या, खालच्या कोपऱ्यात एक ओघळ गोठला होता. बाकी दार चांगलं दिसत होतं. चांगलं म्हणजे अगदी चांगलं. बोट लावलं तर वाळलंही होतं. असं काही आपल्या वेळी असतं, तर अर्धे रंगारी घरी बसले असते, असं तिच्या मनात आलं आणि तिला आपल्याच मनाचा राग आला.

दुकानात असती तर तिने गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं असतं: खालचा रंग धड असेल आणि तुम्हाला घाई असेल तर खुशाल न्या, आरशासारखं होणार नाही, पण फसणारही नाही. रंगाच्या बाबतीत गिऱ्हाइकाशी ती कधी खोटं बोलली नव्हती. भाऊ कधीमधी बोलायचा, आणि ती त्याला सगळ्यांदेखत तोंडावर पाडायची.

वहिनी चहा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणतंय दार?"

या वेगाने उद्या दुपारपर्यंत सगळं संपेल, आत्याला वाटलं. मग उरलेले दिवस नुसती बांधाबांध.

"नाही चालायचं," ती म्हणाली. "महिन्याभरात पोपडे धरेल. खरवडून काढावं लागेल सगळं."

खोटं तिच्या कानांना ऐकू आलं. आता वहिनी कडाडतील, डबा आपटतील, मी हाताने रंगवलंय म्हणतील, म्हणून ती पदरचे मुद्दे गोळा करू लागली. वहिनींनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि कप तिच्या हातात दिला.

"तुम्ही म्हणता तर असेल. मला काय कळतंय रंगातलं?"

एवढ्या सहज वहिनींनी आजवर कधी माघार घेतली नव्हती. चहा पिताना आत्याला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा सुतार आला आणि त्याने सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून मागच्या ओट्यावर स्टुलांवर आडवी टाकली. भावाची पद्धत हीच होती. उभ्या दाराला रंग लावणं म्हणजे उभ्याने जेवण्यासारखं आहे, असं तो म्हणायचा. त्यामुळे रंगकाम निघालं की ते सगळे दिवस घर बिनदाराचं असायचं. कुणी कुणावर रुसून खोलीत जाऊन बसायची सोय नव्हती. आईचं पुटपुटणं, भावाचं घोरणं, लहानग्या भाच्याची झोपेतली बडबड, सगळं घरभर ऐकू यायचं. न्हाणीघराला तेवढा पडदा लावायचे आणि आत जाणाऱ्याने मोठमोठ्याने गाणं म्हणायचं असा नियम होता. वहिनींना एकच गाणं येत होतं आणि त्याचंही एकच कडवं. शेवटी शेवटी सगळं घर बाहेरून त्यांना साथ द्यायला लागलं होतं. आत्याला ते आठवलं आणि हातातला पॉलिश पेपर तसाच थांबला. तेव्हा घरात किती माणसं होती! आता घासण्याचा आवाज तेवढा घुमत होता.

वहिनी दुसऱ्या टोकाला बसून घासत होत्या. आपणच काल लावलेला रंग त्या निमूटपणे काढत होत्या, आणि तोंडाचा पट्टा तेवढा चालू होता. शेजारच्या सुताराची सून, वाढलेली गुडघेदुखी, मुलाच्या घरातलं ते सारखं टुंग करणारं यंत्र. आत्या मधून मधून हुंकार देत होती.

अस्तराचा हात झाला. तो वाळला, तरी आत्या म्हणाली, "एक दिवस अजून जाऊ दे, हवेत ओल आहे." एका दाराला बारीकशी भेग सापडली, ती भरायला पुट्टी हवी, ती भरली की ती वाळायला हवी. वहिनी प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होत्या. मागच्या ओट्यावर ऊन मी मी म्हणत होतं.

दुपारी दोघी आपापल्या खोलीत आडव्या व्हायच्या. मध्ये दारं नव्हती, त्यामुळे बोलायला उठावं लागत नव्हतं.

"वन्सं, झोपलात?"

"झोपले."

"आपलं पहिलं रंगकाम आठवतं? माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. आणि यांनी एका सकाळी सगळी दारं काढून ठेवली. आमच्या खोलीचंही."

आत्या छताकडे पाहत हसली. "तो होताच तसा. त्याला दार म्हणजे नुसतं लाकूड."

"मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. सासूबाई बाहेर, तुम्ही पलीकडे, आणि मध्ये नुसती चादर लटकवलेली. त्या संध्याकाळी तुम्ही अंथरूण गुंडाळलंत आणि सासूबाईंनाही बरोबर घेऊन निघालात. म्हणालात, रंगाच्या वासाने माझं डोकं चढतं, मी काही या घरात झोपत नाही. आईलाही त्रास होईल."

"चढलंच होतं डोकं."

"हो ना. आणि झोपायला गेलात कुठे? तर रंगाच्या दुकानात."

पलीकडच्या खोलीत आत्याची खाट करकरली.

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी," ती म्हणाली.

"बोलायचं कशाला? मला कळलं होतं. तेव्हाच ठरवलं, ही बाई तोंडाने फटकळ आहे, पण हिच्याबरोबर आयुष्य जाईल."

आत्याने कूस बदलली. 'नका जाऊ' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले. दारही आड नव्हतं. नुसते म्हटले असते तरी पोचले असते. पण मुलाकडे निघालेल्या आईला थांब म्हणणारी मी कोण, असं तिला वाटलं. गुडघे त्यांचे, मुलगा त्यांचा, नातवंडं त्यांची. आणि आपणच तोंड वर करून 'जा की' म्हणालो होतो, ते आता कुठल्या तोंडाने मागे घ्यायचं? तिला रडू आलं आणि तेही बिनदाराच्या घरात आवाज न करता आवरावं लागलं.

"वन्सं?"

"झोपले म्हटलं ना."

मधला हात झाला, शेवटचा हात झाला. शेवटचा हात आत्याने स्वतः दिला, कुणाला ब्रशला शिवू दिलं नाही. लांब, न थांबता ओढलेल्या एकेका पट्ट्याने दार आपोआप सपाट होत गेलं. वहिनी स्टुलावर बसून बघत राहिल्या. शनिवारी सुताराने दारं पुन्हा बसवली आणि एकदा उघडझाप करून म्हणाला, "आत्या, आरसा केलात की!" तो गेल्यावर वहिनींनी आपल्या खोलीचं दार लावून पाहिलं आणि लगेच उघडलं.

रविवारी आत्या उजाडताच उठली. एकेका दाराशी जाऊन तिने बोटाची मागची बाजू टेकवली. कुठेही चिकटलं नाही. सगळी दारं ठणठणीत कोरडी होती. तिच्या मनात पुढची सबब तयारच होती: चौथा हात. तीन हातांची शपथ खाणारी ती, आता चौथ्यावर आली होती. कडेचा रंग जरा पातळ आहे म्हणायचं, आणखी दोन दिवस निघतील.

मग तिला बाहेरच्या खोलीत वहिनींच्या बॅगा दिसल्या. भिंतीला लावून नीट ओळीत ठेवलेल्या. औषधांची पिशवी वेगळी, तिला वरून गाठ. तिच्याखाली वहिनींच्या जाड तळाच्या चपला होत्या, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या. आत्याला स्वतःची लाज वाटली. एका बाईला दारांना किती दिवस बांधून ठेवायचं? आणि आज नाही तर उद्या रंग संपणारच होता.

भाचा आला तेव्हा ऊन चढलं होतं. आल्या आल्या त्याने आईला जवळ घेतलं, आत्याला वाकून मिठी मारली, आणि मग घरभर नजर फिरवत म्हणाला, "व्वा! झालं का सगळं काम?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आत्याकडे पाहिलं. पहिल्यांदा विषय निघाला त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"झालं," आत्या म्हणाली. आवाज तिने पुरता धरून ठेवला होता. "सगळं झालं आणि वाळलंही. आणि खरं सांगायचं तर त्या एका हातानेही भागलं असतं. दार काही वाईट झालं नव्हतं. मीच उगाच वेळ काढला. ने आता आईला, उन्हं वाढायच्या आत निघा."

भाचा बॅगा उचलायला वाकला. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी शांतपणे हात वर केला आणि पांढऱ्याशुभ्र दारावर सगळा तळवा दाबून टेकवला. तो तसाच क्षणभर ठेवला.

"वन्सं, तुमच्या बोटांना काही कळेनासं झालंय," त्या म्हणाल्या. "ओलं आहे हे."

"ओलं?" भाच्याने बॅग खाली ठेवली आणि पुढे होऊन हात लांब केला.

"लावू नको! डाग पडेल," वहिनी ओरडल्या, आणि त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "असं ओलं दार टाकून मी कशी येऊ? यांना एकटीला आवरणार आहे का?"

"अगं, पण मग किती दिवस लागतील?"

"ते मला नको विचारूस. दुकान यांचं होतं. यांना विचार."

भाचा आत्याकडे वळला. त्याच्या खांद्यावरून आत्याला वहिनी दिसत होत्या. दारावरून काढलेला हात त्यांनी हळूच पाठीमागे नेला होता, पण न्यायच्या आधी तळवा तिला दिसला होता. त्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता.

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पहिल्यापासून खरवडावं लागेल," ती म्हणाली. "हे घाईचं काम नाही."